बाळंत झालेले आप्पा

“धारप, हा माणूस त्र्याण्णव साली वारला,” हुद्दारबाई म्हणाल्या, “आणि शहाण्णव साली बाळंत झाला. याचं काय करायचं?”

मी चष्मा पुसला, संगणकाच्या पडद्याजवळ गेलो आणि विचारलं, “मुलगा की मुलगी?”

“मुलगी. अडीच किलो.”

“वजन तसं बरं आहे मग.”

बाई हसल्या नाहीत. डॉ. सुमती हुद्दार यांनी आमची संस्था शहाऐंशी साली एका पत्र्याच्या खोलीत सुरू केली होती आणि त्या खोलीतही त्या फारशा हसल्याचं मला आठवत नाही. तिसरी खुर्ची होती रेहाना मुजावरची. ती आमची डेटा मॅनेजर. तीही हसली नाही, पण ती त्या आठवड्यात कशालाच हसत नव्हती.

ही गोष्ट दोन हजार पंधराच्या एप्रिलमधली, मंगळवार सकाळची. माणखेडच्या आसपासच्या चौदा गावांतली तीन हजार माणसं आम्ही जवळजवळ तीस वर्षं मोजत होतो. दर चार वर्षांनी वजन, उंची, रक्तदाब, साखर. कोण कशाने आजारी पडतं, कोण कशाने जातं, हे शोधायचं होतं. अशा आठ फेऱ्यांची माहिती आठ वेगवेगळ्या संगणकांत पडून होती. ती सगळी उचलून क्लाउडवर ठेवायचं काम रेहाना आठ महिने करत होती. क्लाउड म्हणजे, मला जेवढं समजलं तेवढं सांगतो, दूर कुठल्या तरी शहरातली भाड्याची मोठी यंत्रं. आपली माहिती तिथे एकत्र राहते आणि परवानगी असेल तो आपल्या टेबलावरून ती वापरतो. नावं तिथे जात नाहीत, फक्त नंबर जातात. पुढच्या आठवड्यात गुरुवारी, तीस तारखेला, सात संस्थांच्या संशोधकांना ती खुली करायची होती. त्याआधी रेहानाने सही करून द्यायची की माहिती शुद्ध आहे. तिचं कंत्राटही तीस तारखेलाच संपत होतं, आणि या दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या आहेत हे आमच्या शिपायालाही माहीत होतं.

“असे किती आहेत?” मी विचारलं.

“तेवीस,” रेहाना म्हणाली. “सगळे मेल्यानंतर तपासणीला आलेत. काहींचा रक्तदाब सुधारलाय. एकाची उंची चार इंचांनी वाढलीय.”

“कागदावर होतं तोवर असं कधी झालं नव्हतं, बाई,” मी म्हणालो. हे वाक्य मी आठ महिने तोंडात धरून बसलो होतो. “कागदावर माणूस एकदा मेला की मेलेला राहायचा.”

“मॅडम, मी दोनदा पडताळलंय. उचलताना काहीच हललेलं नाही,” रेहाना म्हणाली. “जे आहे ते मुळातच…”

“मुळात माझी रजिस्टरं आहेत,” मी म्हणालो. “त्यात एक चूक दाखव, मिशी उतरवीन.”

मिशी तेव्हा भरदार होती. तिच्यावर हात फिरवता फिरवता माझी नजर पडद्याच्या डाव्या कोपऱ्यातल्या नंबरावर गेली.

०४१७.

माझा हात मिशीवरच राहिला.

“काय झालं?” बाईंनी विचारलं.

“काही नाही. जरा पित्त झालंय,” मी म्हणालो.

आता बिल्ल्यांचं सांगायला हवं.

सुरुवातीला आमची पंचाईत नावांची होती. एकेका गावात पाच-पाच दत्तू लोखंडे. म्हणून मिरजेहून पत्र्याचे गोल बिल्ले करून आणले, प्रत्येकावर नंबर ठोकलेला. ज्याला अभ्यासात घेतलं त्याला बिल्ला. तपासणीला येताना तो आणायचा. लोकांनी तो देव्हाऱ्यात ठेवला, कुणी म्हशीच्या दावणीला लावला, पण हरवला मात्र नाही. माणूस गेला की तेराव्यानंतर आमच्या आरोग्यसेविका सुलाबाई खिलारे तो परत घेऊन यायच्या. “मेलेल्या मानसाचा नंबर घरात नको म्हनत्यात, सायेब,” त्या सांगायच्या. “पुन्यांदा बोलावनं येतंय म्हनं.” आणि आमच्या भागातली कितीतरी कुटुंबं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी कुठे कोइमतूरला, कुठे कोलकात्याला कायमची जायची. तीही जाताना बिल्ला आणून द्यायची, भाड्याची खोली सोडताना किल्ली देतात तशी.

हे परत आलेले बिल्ले मी बिस्किटांच्या डब्यात ठेवायचो.

चौऱ्याण्णवच्या फेरीत नवे बिल्ले संपले. नव्यांची मागणी तीन समित्यांकडून फिरून यायची होती आणि दाराबाहेर नवीन माणसांची रांग लागली होती. मी ज्या घरात वाढलो तिथे संपत आलेल्या साबणाची चिपटी नव्या वडीला चिकटवत असत. मी बिस्किटांचा डबा उघडला.

अगदी पद्धतशीर केलं सगळं. पुरुषाचा बिल्ला पुरुषाला, बाईचा बाईला. एकदाच, एका दुपारी, बायकांचे बिल्ले संपले आणि चिंचाळ्याच्या सुशीला जाधवला मी कै. आप्पा लोखंड्यांचा ०४१७ दिला. पुढच्या दोन-तीन फेऱ्यांत मिळून असे एकसष्ट बिल्ले गेले. रजिस्टरमध्ये अशा प्रत्येक नंबरापुढे मी हिरव्या शाईचा एक ठिपका दिला. त्या ठिपक्याचा अर्थ फक्त मला आणि देवाला माहीत होता, आणि देव आमच्या रेकॉर्ड विभागात कामाला नव्हता.

त्यामुळे अडलं मात्र काही नाही. कुणा संशोधकाला दोन फेऱ्यांची माहिती जोडायची झाली की तो माझ्याकडे यायचा. मी ठिपके बघून माणसं वेगळी करून द्यायचो. ‘धारपांना विचारा’ हे वाक्य आमच्या संस्थेत दिवसातून चारदा ऐकू यायचं. वीस वर्षं मी ते कौतुक समजत होतो. मधे सगळ्या फेऱ्या संगणकात टाइप झाल्या तेव्हा हिरव्या ठिपक्याला रकाना नव्हता. माझ्या लक्षात आलं होतं. पण मनात म्हटलं, मी आहे ना.

क्लाउडवर पहिल्यांदाच आठही फेऱ्या शेजारी शेजारी बसल्या आणि कुणालाच धारपांना विचारावं लागलं नाही.

दुपारी रेहाना माझ्या खोलीत आली.

“सर, चौऱ्याण्णवचं रजिस्टर बघायचं होतं.”

“वाळवीचं औषध मारलंय. आठ दिवस उघडता यायचं नाही.”

तिने हवेत नाक वर केलं. “वास येत नाही.”

“बिनवासाचं आहे. नवीन निघालंय.”

ती स्टुलावर बसली. इस्लामपूरची पोर. वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक, त्यामुळे कुठलीही वस्तू बंद पडली की आधी ती उघडून बघायची सवय. मला हीच सवय त्या क्षणी नको होती.

“मॅडम काल म्हणाल्या, तीस तारखेपर्यंत लाल गेले नाहीत तर काम पुण्याच्या एका कंपनीला देतील,” ती म्हणाली. चुकीच्या नोंदी पडद्यावर लाल दिसायच्या, म्हणून सगळे त्यांना लालच म्हणायचे.

“तुला काय, तुझ्यासारखीला कुठेही मिळेल काम.”

“कुठेही मिळेल, सर. पण मला इथलं हवंय. एकाच माणसाला तीस वर्षं मोजलेलं दुसरीकडे कुठे आहे?”

मी टाचणीच्या डबीतल्या टाचण्या सरळ करू लागलो.

“पहिल्या आठवड्यात तुम्ही मला एका रेघेवर दोन तास बसवलं होतंत,” ती म्हणाली.

“दीड तास.”

ते खरं होतं. नवीन माणूस आला की त्याला मी आधी रेघ शिकवायचो. संशोधनाच्या कागदावर चूक खोडायची नाही, त्यावर पांढरं फासायचं नाही. ज्याची चूक त्याने तिच्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचं नीट वाचता आलं पाहिजे, शेजारी सही, तारीख, कारण. माझ्या चाळीस रजिस्टरांत एकही गिरवलेला आकडा नव्हता. रेहानाला शिकवून झाल्यावर मी खवचटपणे विचारलं होतं, “तुझ्या त्या क्लाउडमध्ये रेघ कुठे मारणार?” ती म्हणाली होती, “दाखवेन कधीतरी.”

आता ती दारापाशी थांबली. “औषधाचा परिणाम उतरला की सांगा, सर.”

बुधवारी सगळे जेवायला गेले तेव्हा मी चष्म्याच्या घरातून एक चिठ्ठी काढली. तिच्यावर रेहानाने मला आठ महिन्यांपूर्वी दिलेला पासवर्ड होता. मुख्य नोंदपाल म्हणून मला नोंदी दुरुस्त करायचा अधिकार होता. तो मी एकदाही वापरला नव्हता, कारण ते यंत्र वापरणं म्हणजे त्याला मान्यता देणं, असं माझं तेव्हाचं तत्त्व होतं. तत्त्व सोडायला मला चार मिनिटं लागली. त्यातली तीन पासवर्डमधलं मोठं अक्षर शोधण्यात गेली.

०४१७ उघडला. मृत्यूची तारीख होती, ती काढून टाकली. पडद्याने विचारलं, कारण? मी एका बोटाने लिहिलं, ‘टंकलेखनाची चूक’. ‘पुरुष’ होतं तिथे ‘स्त्री’ केलं. पुन्हा कारण? पुन्हा टंकलेखनाची चूक. लाल रंग गेला. मला वाटलं होतं त्यापेक्षा हे फारच सोपं होतं.

पावणेदोनपर्यंत मी तेवीस माणसं जिवंत केली. आप्पा लोखंड्यांना वर बाईही केलं. मग हात धुतले आणि डबा उघडला. शेवग्याच्या शेंगांची आमटी होती. दोनदा घेतली.

पाहा ना, लाल गेले की पोरीचं कंत्राट राहणार आणि माझी मिशीही. दोघांचं भलं. मी याला परोपकार समजत होतो. राहिले अडतीस. ते मेलेले नव्हते, कोइमतूर-कोलकात्याला गेलेले होते. त्यांच्या नंबरांवर दुसरी माणसं बसली होती, पण पुरुषाच्या जागी पुरुष आणि बाईच्या जागी बाई असल्यामुळे पडद्याला काहीच खटकत नव्हतं. पडदा बोलत नाही तर मी कशाला बोलू?

शुक्रवारी बाईंनी आम्हा दोघांना बोलावलं.

“एकही लाल नाही,” त्या म्हणाल्या. बाईंच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जे होतं त्याला त्यांच्या हिशेबात हसू म्हणता आलं असतं. “छान. करा सही.”

“नाही मॅडम,” रेहाना म्हणाली.

“म्हणजे?”

“मला सही करता येणार नाही.”

“चार दिवस लाल आहेत म्हणून सही नाही. आता नाहीत, तरी सही नाही. तुम्हाला कुठला रंग हवाय?”

“ते कसे गेले ते मला लिहून देता येत नाही, मॅडम.”

“माहीत नाही तुम्हाला?”

“लिहून देता येत नाही,” ती पुन्हा म्हणाली. “सोमवारपर्यंत वेळ द्या.”

“धारप, तुम्ही तरी सांगा हिला. तुमचं ऐकते.”

मी घसा साफ केला. “करून टाक सही, पोरी. रक्तदाब म्हणजे काय, इकडचा तिकडे दोन आकडे.”

रेहानाने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. दवाखान्यातून पळून आलेल्या पेशंटकडे नर्स पाहते तसं.

“तुम्ही केली असती का, सर?”

मी चहा मागवला.

“सोमवारी अकरा वाजता,” बाई म्हणाल्या. “अकरा वाजून पाच मिनिटांनी मी पुण्याला फोन करणार.”

चहा आला. तो मी एकट्यानेच प्यायलो.

शनिवारी अर्धा दिवस. निघायच्या वेळी सुलाबाई आल्या. कमरेची पिशवी सोडली, रुमालाची गाठ उकलली आणि एक बिल्ला माझ्या टेबलावर ठेवला. ११३२.

“गोदाक्का गेली,” त्या म्हणाल्या. “काल तेरावं झालं. आता ह्यो कुनाला द्यायचा?”

“कुणालाच नाही.”

“आं? मग डबा कुटं हाय बिस्कुटाचा?”

“सुलाबाई, हळू बोला.”

“हळू कशापायी? त्या पोरीला तर ठावंच हाय.”

माझ्या हातातलं कुलूप हातातच राहिलं. “कुठल्या पोरीला?”

“मुजावरांच्या. माझ्या घरी आली हुती बेस्तरवारी. म्हनली, मावशी, एका बिल्ल्याचं दोन धनी असत्यात का? म्या म्हनलं, असत्यात की. आमचं धारपसायेब लई काटकसरी.”

गुरुवारी. म्हणजे शुक्रवारी बाईंच्या पुढ्यात बसली तेव्हा तिला सगळं माहीत होतं.

“आणखी काय म्हणाली?”

“काय न्हाई. चा पिली. म्हनली, मी इचारलं म्हनून सायबास्नी सांगू नका. तर म्या काय सांगितलं न्हाई.”

“बरं केलंत.”

सुलाबाई निवांत खुर्चीत बसल्या. त्यांचे पाय तीस वर्षं चौदा गावं फिरलेले, त्यांना बसायला निमित्त लागायचं नाही. “आन त्या आप्पाचं काय इचारत हुती ती? कवा मेला, कसा मेला. म्या म्हनलं, बाई, म्या हुते तितं. सांजच्याला वैरन टाकत हुता, छातीवर हात ठिवला अन बसला तो उटलाच न्हाई. पन्नाशीबी न्हवती. तुमास्नी कागुद म्याच लिवून दिला हुता न्हवं?”

दिला होता. मला तो कागद आठवला. मागच्या बाजूला त्यांनी बॉलपेनने हृदय काढलं होतं, कारण ‘हृदयविकार’ लिहिताना त्यांचं अडायचं. त्या कागदावरून मी माझ्या हाताने आप्पांचा मृत्यू नोंदवला होता. माणसं कशाने जातात हे शोधायला निघालेल्या अभ्यासातून मी तेवीस माणसांचं जाणंच काढून टाकलं होतं. तेही जेवणाआधी.

“त्याच्या बायकूला सांगू नगा,” सुलाबाई उठता उठता म्हणाल्या.

“काय?”

“त्यो बाळात झाला त्ये. ती म्हनंल, हितं असताना एक भांडं घासलं न्हाई मेल्यानं.”

सोमवारी सकाळी मी आरशासमोर उभा राहिलो आणि वस्तरा काढला. चाळीस वर्षांचं पीक चार मिनिटांत उतरलं. खालचा ओठ ओळखीचा होता, वरचा नव्हता.

अकराला दहा कमी असताना बाईंच्या खोलीत गेलो. एका काखेत चौऱ्याण्णवचं रजिस्टर, दुसऱ्या हातात बिस्किटांचा डबा. बाईंनी वर पाहिलं आणि त्या एकदम उभ्या राहिल्या.

“धारप… घरी कोणी गेलं का?”

“नाही बाई. उलट माझ्यामुळे तेवीस जण परत आलेत. त्यांना पोचवायचं आहे.”

रेहाना खिडकीपाशी होती. तिने लॅपटॉप मिटला आणि खुर्ची माझ्यापुढे सरकवली. मी बसलो नाही. डबा उघडून टेबलावर ठेवला, रजिस्टर उघडलं, हिरव्या ठिपक्यावर बोट ठेवलं आणि साबणाच्या चिपटीपासून सगळं सांगितलं. मधे बाई एकदाच बोलल्या.

“एकसष्ट?”

“एकसष्ट. तेवीस मेलेले आणि अडतीस गाव सोडून गेलेले. या अडतिसांचा तुमच्या पडद्याला पत्ताच नाही. मी बोललो नसतो तर कधीच लागला नसता.”

“आणि आजवर छापलेले आपले निबंध?”

“त्यांची जोडणी मी ठिपके बघून केलेली आहे. ते ठीक आहेत. यापुढे जे काही झालं असतं त्याचंच वाटोळं होतं.”

बाई डब्यातला गोदाक्काचा बिल्ला बोटाने फिरवत राहिल्या. मग रेहानाकडे वळल्या. “तुम्हाला माहीत होतं हे?”

रेहानाने लॅपटॉप उघडला आणि आमच्याकडे फिरवला. पडद्यावर एक यादी होती. बुधवार, दुपारी एक वाजून सतरा मिनिटं. म. धारप. नंबर ०४१७. मृत्यूची तारीख: २३ ऑक्टोबर १९९३. त्या तारखेवर एक आडवी रेघ मारलेली होती. एकच, आणि खालची तारीख स्वच्छ वाचता येत होती. शेजारी माझं नाव, वेळ, आणि कारण: टंकलेखनाची चूक. त्याखाली दुसरं, तिसरं, तेविसावं.

“तुम्ही विचारलं होतंत ना, सर, रेघ कुठे मारणार,” ती म्हणाली. “ती आपोआपच मारली जाते.”

वर्गात स्वतःचाच फळा पुसणाऱ्या मास्तरला हेडमास्तरांनी मागून पाहावं, तसा मी उभा होतो. त्यात तो फळा पुसलाही गेलेला नव्हता.

“म्हणजे बुधवारपासून हे तुमच्यापाशी आहे,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला होता. “मग शुक्रवारी बोलला का नाहीत? मी तुम्हाला काढणार होते, मुजावर. आत्ता, पाच मिनिटांनी.”

“मी दुरुस्त केलं असतं किंवा मी सांगितलं असतं, तर तिथे माझी सही आली असती, मॅडम.” रेहाना माझ्याकडे बघत नव्हती. “ज्याची चूक त्याने रेघ मारायची. दुसऱ्याने मारलेली चालत नाही. असं शिकवलंय मला.”

“कोणी?”

“सरांनीच. दीड तास.”

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजून चार मिनिटं झाली होती. त्यांनी टेबलाचा खण उघडला, रेहानाच्या कंत्राटाचा कागद काढला, सही केली, तारीख घातली. पेनचं टोपण लावता लावता म्हणाल्या, “तीस तारीख पुढे ढकलल्याचं सातही संस्थांना कळवते. कारण काय लिहू, धारप? टंकलेखनाची चूक?”

“आता मी काय बोलू, बाई.”

“तेवढं एक बरं झालं.”

पुढचे तीन आठवडे मी, रेहाना आणि सुलाबाई एका टेबलाशी बसलो. मी ठिपका दाखवायचा, सुलाबाईंनी माणूस सांगायचा, रेहानाने नवा नंबर तयार करायचा. सुशीला जाधवला स्वतःचा नंबर मिळाला आणि आपली मुलगीही. आप्पा लोखंडे पुन्हा पुरुष झाले आणि तेवीस ऑक्टोबरला, वैरण टाकताना, पुन्हा गेले. सुलाबाईंनी पदर डोळ्याला लावला. “दोनदा मेला बापडा,” म्हणाल्या.

प्रत्येक दुरुस्तीपुढे कारण लिहायचं होतं. मी पहिल्याच नोंदीत सविस्तर लिहायला घेतलं. घरची परिस्थिती, तीन समित्या, दाराबाहेरची रांग. यंत्र मधेच अडलं.

“अडीचशे अक्षरांची मर्यादा आहे, सर,” रेहाना म्हणाली.

“एवढ्यात कसं मावेल?”

“चूक तेवढी मावते. बाकीचं मावत नाही.”

शेवटी लिहिलं: ‘बिल्ला वाया जाऊ नये म्हणून एकाचा नंबर दुसऱ्याला दिला. कुणाला सांगितलं नाही. चूक माझी. म. धारप.’ रेहाना म्हणाली, एकदा लिहून एकसष्ट ठिकाणी चिकटवता येतं, एका बटणाचं काम आहे. मी नको म्हटलं. चिकटवाचिकटवीवर माझा विश्वास राहिला नव्हता. एका बोटाने एकसष्ट वेळा लिहिलं.

पुढच्याच वर्षी मी निवृत्त झालो. मिशी परत आली, पण पांढरी, आणि पूर्वीसारखी माझ्या बाजूने बोलेना.

गेल्या वर्षी संस्थेने जुन्या माणसांना जेवायला बोलावलं होतं. हुद्दारबाई आता नाहीत. त्यांची खुर्ची दुसऱ्या कुणाकडे आहे. रेहाना डेटा विभागाची प्रमुख आहे, तिच्या हाताखाली सहा जण. बंगळूरहून आलेल्या एका संशोधक बाईंशी तिने माझी ओळख करून दिली. त्यांनी हात जोडले आणि मोडक्या मराठीत विचारलं, “धारप? ते एकसष्ट वेळाचे धारप?”

“तेच,” मी म्हणालो.

“आमच्याकडे नवीन मुलांना पहिल्या दिवशी तेच दाखवतात,” त्या म्हणाल्या आणि फार आदराने माझ्यासाठी जिलेबी आणायला गेल्या.

मी रेहानाला बाजूला घेतलं. “आता दहा वर्षं होत आली. ते काढून टाकता येत नाही का गं?”

“कोणालाच येत नाही, सर. मलाही नाही.”

“आणि माझी रजिस्टरं? चाळीस रजिस्टरं, एक आकडा गिरवलेला नाही. ती नाही का दाखवत नवीन मुलांना?”

“पानांचे फोटो आहेत, सर. हिरव्या ठिपक्यांसकट. क्लाउडवर.”

“आणि मूळ?”

“मूळ गेली. दोन वर्षांपूर्वी कपाट उघडलं तर आत नुसता भुसा होता. वाळवी.”

“औषध मारलं नव्हतं का कुणी?”

“तुम्ही मारलं होतंत ना, सर,” रेहाना म्हणाली. “बिनवासाचं.”